लगाम आणि बोंडलं

अक्का, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि दवाखान्यात येणाऱ्यांना हे कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. सोमवारी एक आजी ओठ फुटलेल्या नातवाला घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "मोठ्या बाई हायत न्हवं?" आणि मी सवयीनं आतल्या खोलीकडं हात करून ओरडलो, "आहेत, बसा." आजी निवांत बसली. मग माझं मला कळलं, बाहेर येऊन तिला खरं सांगितलं, तेही ओरडूनच. आजी रडायला लागली, नातू आधीपासून रडतच होता आणि मी मध्ये उभा. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "यशवंता, तुझा आवाज म्हंजे वरातीचा बँड. जरा पुढच्या गल्लीत जाऊन वाजव."

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, दवाखाना, पश्चात कोण कोण. ते सगळं बरोबर आहे आणि मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, तेवढं मला पुरं करायचं आहे. अर्धवट टाकलं होतं ते मीच.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी पुण्याहून लहान मुलांच्या दातांचं वरचं शिक्षण घेऊन आलो होतो. तुमच्याकडं माझ्यापेक्षा एक पदवी कमी होती आणि पंचवीस वर्षं जास्त होती. पहिल्याच दिवशी दीड वर्षाचं एक पोर आलं, तोंड रक्तानं माखलेलं. मी त्याला मोठ्या खुर्चीत ठेवलं, दिवा ओढला, खुर्ची वर-खाली केली, आणि पोरानं अशी किंकाळी फोडली की खालच्या मेडिकलवाल्यानं वर डोकावून बघितलं. तुम्ही पुढं आलात. दोन बुटकी स्टुलं समोरासमोर ओढलीत, एकावर त्याच्या आईला बसवलंत, एकावर स्वतः बसलात, गुडघ्याला गुडघा लावून. पोराचे पाय आईच्या कमरेला आणि डोकं तुमच्या मांडीवर. त्याला नजरेसमोर आईच दिसत होती, मग ते कशाला घाबरेल? तुम्ही गालातून बोट फिरवलंत, वरचा ओठ हळूच उचललात आणि म्हणालात, "लगाम तुटलाय. दुसरं कायबी न्हाय."

वरच्या ओठाला आतून हिरडीशी बांधून ठेवणारी ती पातळ पट्टी. पुस्तकात तिला मोठं नाव आहे, तुमच्याकडं तिचं नाव लगाम. तो तुटला की रक्त इतकं येतं की बघणाऱ्याला वाटावं सगळे दातच गेले. पण दहा मिनिटं स्वच्छ कापड दाबून धरलं की थांबतं, टाकाही बहुधा लागत नाही. चालायला शिकणारी कितीतरी पोरं तोंडावर पडून हा लगाम तोडून घेतात. ते सांगून तुम्ही माझ्याकडं बघितलंत, "ह्याचा तर जन्मापासूनच तुटलाय," आणि ती रडणारी आई पदराआड हसली. आल्या दिवशीच माझी अशी शोभा केलीत तुम्ही.

कधी पडलं, कुठं पडलं, कशावर पडलं, हे सगळेच डॉक्टर विचारतात. तुमचा एक प्रश्न वरचा होता, "पडल्यावर पैल्यांदा कुणी उचललं?" मला तो गप्पांतला प्रश्न वाटायचा. एकदा मी विचारलं, उचललं कुणी याच्याशी दाताचा काय संबंध? तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "ज्यानं उचललं त्याला ठाऊक असतं. आणि ज्या घरात कुणी उचललं त्ये कुणालाच आठवत न्हाई, तितं मी जरा जास्त येळ बसतो." आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी बसतो', 'मी जातो' असंच बोलायच्या तुम्ही. माझ्या पुण्याच्या मित्रांना त्याची फार गंमत वाटायची.

अक्का, ती किटली आठवते का? आठ वर्षांच्या पोराचा पुढचा दात मुळासकट निसटला होता. दुधाचा नव्हे, कायमचा. तुम्ही त्याआधीच त्या पोराच्या गावच्या दूध डेअरीत जाऊन सांगून आला होता, की आई-बाप शाळेत येत नाहीत पण डेअरीत दोन वेळा येतात, म्हणून इथंच सांगतो, दात पडला तर मुळाला हात लावू नका, चोळून धुऊ नका, दुधात घाला आणि पळत या. बापानं शब्द न शब्द पाळला. डेअरीला घालायला काढलेली अख्खी किटली घेऊन मोटरसायकलवर आला, चार लिटर म्हशीचं दूध आणि तळाला कुठंतरी दात. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून तो शोधून काढलात आणि पोराच्या तोंडात परत बसवलात. तो दात आजही शाबूत आहे. जाताना बापानं विचारलं, "बाई, दूध आता डेअरीला घातलं तर चाललं न्हवं?" त्यानंतर दोन दिवस तुम्ही मधेच आठवून हसायच्या.

आता बोंडल्याचं. तिथंच आपलं सगळं सुरू झालं.

मी येऊन वर्षही झालं नव्हतं. कबनूरचं एक कुटुंब सहा महिन्यांचं बाळ घेऊन आलं, घरात यंत्रमाग, बापाच्या केसांत कापसाची तूस. बाळाचा लगाम तुटलेला. मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि ते खोटं नव्हे, की जे बाळ अजून उभंही राहत नाही त्याचा लगाम तुटला असेल तर आधी शंका घ्यायची. ते पडणार कुठून? कुणीतरी मारलं असेल, नाहीतर तोंडात काहीतरी जोरानं कोंबलं असेल. शंका मनात ठेवून विचारायचं असतं हे मात्र मी वाचलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर बापाला म्हणालो, "खरं सांगा, हात उगारला का पोरावर?" तो बिचारा पांढराफटक पडला. त्याचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. तुम्ही आतून आलात, सगळ्यांना पाणी दिलंत आणि आजीशेजारी जाऊन बसलात. "आज्जी, बाळ औषध नीट घेतं का?"

"कुठलं घेतंय! नाक दाबल्याबिगर थेंब पोटात जात न्हाय बघा."

"कशानं पाजतासा?"

आजीनं पिशवीतनं बोंडलं काढलं. बाळाला दूध, औषध पाजायची चोचवाली वाटी, घराघरांत असते तसली. पिढ्यान् पिढ्या वापरून चोच एका बाजूला झिजली होती, धार आली होती. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत आणि ते आजीला दाखवलंत, बोटाला रक्त आलं होतं. आजीनं तोंडावर हात घेतला. तिला तुम्ही एक शब्द टोचून बोलला नाहीत. नवा चमचा दिलात, पाजायचं कसं ते दाखवलंत आणि बोंडलं आपल्याकडं ठेवून घेतलंत. मला मात्र संध्याकाळी त्या बापाला फोन करून माफी मागायला लावलीत.

मी धडा घेतला. पण चुकीचा घेतला, अक्का. मी एवढंच शिकलो की चालता न येणाऱ्या बाळाचा लगाम तुटला म्हणजे बोंडलं. पुढं अशी आणखी दोन बाळं आली, दोन्ही वेळा बोंडलंच निघालं, आणि माझं ते पाठच झालं.

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. तुम्ही आत एका पोराचा ओठ शिवत होता. बाहेर एक जोडपं आलं, नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला, बायको विशीतली, मान खाली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. ओठाच्या आत सूज, लगाम तुटलेला. दवाखाना भरलेला होता, मला जेवायला जायचं होतं. मी ओठ उचलला आणि आईला म्हणालो, "बोंडल्यानं पाजता ना?" तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "व्हय व्हय, बोंडलंच." मग तीही म्हणाली, "व्हय." मी चमचा-वाटीवर माझं नेहमीचं भाषण दिलं आणि पाच मिनिटांत त्यांना वाटेला लावलं.

तुम्ही हातमोजे काढत बाहेर आलात. मी सांगितलं, बोंडल्याची केस होती. तुम्ही विचारलंत, "कोण म्हणालं बोंडलं?"

मी म्हणालो, "तेच म्हणाले."

"आधी कोण म्हणालं?"

तुम्ही चपला न घालता जिना उतरून रस्त्यापर्यंत गेलात. ते निघून गेले होते. वर येऊन तुम्ही नोंदवहीतला फोन लावलात, तो लागेना. मी चिडलो. म्हणालो, तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच उलटं बोलता. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. "मी तुला बोंडलं शिकीवलं न्हवतं रं. इचारायला शिकीवलं हुतं."

त्यानंतरचे दोन रविवार तुम्ही कागलला जाऊन भाड्याच्या खोल्यांतून त्या जोडप्याचा पत्ता विचारत फिरलात. मी आलो नाही. मला वाटत होतं तुम्ही उगाच राईचा पर्वत करताय. विसाव्या दिवशी दुसऱ्या एका दवाखान्यातून फोन आला. मुलीचा दंड मोडला होता, नुकताच आलेला पुढचा दात मुळासकट गेला होता, आणि आईच्या पिशवीत आपल्या दवाखान्याचा कागद सापडला होता. रात्रपाळी करून आलेल्या बापाला दिवसा झोप हवी असायची आणि पोर रडायचं. रडणं बंद व्हावं म्हणून तो दुधाची बाटली तिच्या तोंडात कोंबायचा. लगाम तसा तुटला होता. पुढं हातही त्यानंच मोडला.

मी जेवायची घाई बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला असता, आईला बाजूला घेऊन पाच मिनिटं बसलो असतो, तर तो हात मोडला नसता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आणि मग ती चौकशी, आपल्या दवाखान्यातून हे सुटलं कसं याची. टेबलापलीकडं तिघं बसलेले, अलीकडं आपण, भिंतीला टेकून पोरीची आई. विचारलं गेलं, मुलगी पहिल्यांदा आणली तेव्हा तपासली कुणी? मी घसा साफ करत होतो. खरंच करत होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मी. इचारायचं माझ्याकडनं राहून गेलं." कागदावरची सही दवाखान्याच्या नावानं होती, कुणी खोदून विचारलं नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर आल्यावर तुमच्यावरच खेकसलो, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तुम्ही म्हणालात, "तुझी पोरं ल्हान हैत, तुझी अजून उमेद हाय. माझं काय, मी आता आवरायलाच लागलोय." मी म्हणालो, मला असली भीक नको. तुम्ही रिक्षा थांबवलीत. ते भांडण तिथंच राहिलं.

भीक नको म्हणालो, पण परत आत जाऊन खरं सांगितलं नाही. रागाचा तेवढा फायदा असतो, माणसाला बरोबर असल्यासारखं वाटतं.

त्याची झळ तुम्हाला लागली. 'मोठ्या बाईंच्या नजरंतनं सुटलं म्हणं,' ही कुजबुज मी जिन्यावर ऐकली आहे. एका शाळेत तुम्ही दर वर्षी पहिलीच्या पोरांना दात कसे घासायचे ते दाखवायला जायच्या, त्यांनी त्या वर्षीपासून बोलावणं पाठवलं नाही. जूनमध्ये तुम्ही मोठा लाकडी जबडा पुसून, पिशवीत घालून तयार ठेवला होता. जुलैत तो परत कपाटावर ठेवलात. मी समोर बसून बघत होतो आणि पेपर वाचल्याचं सोंग करत होतो.

पोरीची आई माहेरी गेली, शाहूवाडीकडं. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी एसटीनं जाऊन पोरीला बघून यायच्या, तिचा हात, तिचे उरलेले दात. आल्यावर सांगायच्या, "पोरगी आता पळती." मी 'हं' म्हणायचो. त्यांचं गाव माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. भातलावणीला मी दर वर्षी घरी जातो. या दोन वर्षांत दोन्ही वेळा मी लांबच्या रस्त्यानं गेलो.

तुम्ही कधी विषय काढला नाहीत. माझ्याशी तशाच बोलत राहिलात, तशीच चेष्टा, तसाच डब्यातला माझा वाटा. तेच मला जास्त जड गेलं. एकदा तरी तुम्ही शिव्या घालायला हव्या होत्या. आपली स्टुलं रोज चार हातांवर असायची, आणि मी रोज ठरवायचो, आज शेवटचा पेशंट गेला की बोलायचं. शेवटचा पेशंट गेला की तुम्ही चष्मा काढून डोळे चोळायच्या, मी म्हणायचो, दमलात, जावा घरी.

परवा ती आली, अक्का. ती आई. पोरगी आता तीन वर्षांची होत आली आहे. अंगणवाडीच्या पायरीवर तोंडावर आपटली होती. तिचा एक पुढचा दात आधीच गेलेला, त्याच्या शेजारचाही आता दिसेना, म्हणून आई घाबरून सकाळच्या एसटीनं आली होती. तुम्हाला दाखवायला. तिला ठाऊक नव्हतं. या वेळी मी न ओरडता सांगितलं. तिनं भिंतीला हात टेकला. मग म्हणाली, "गेल्या म्हैन्यात तर आलत्या की. पोरीला फ्रॉक आणलता."

मी तिला बसायला सांगितलं. मग म्हणालो, "पोरीला बघायच्या आधी एक सांगायचं आहे. पहिल्यांदा आणली होती तेव्हा अक्कांनी तपासलं नव्हतं. मी तपासलं होतं. चूक माझी होती. तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं असेल तर मी चिठ्ठी देतो, चांगला डॉक्टर सांगतो."

ती म्हणाली, "ठाऊक हाय की. मी तितंच हुतो न्हवं?"

खरंच, ती तिथंच होती. ओठ उचलणारा हात माझा होता हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. दोन वर्षं मी जे लपवत होतो ते जिच्यापासून लपवायला हवं होतं तिलाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"बाई 'मी' म्हणाल्या. त्या म्हणत्यात म्हणल्यावर मी कशी न्हाई म्हणू?" तिनं पोरीचा फ्रॉक नीट केला. "मला वाटलं तुम्ही बोलशिला. मी तुमच्याकडंच बघत हुतो."

मला त्या खोलीतली फरशी आठवते, अक्का. एका फरशीला तडा होता, तो तडा कुठून कुठं जातो तेही आठवतं. मी एकदाही वर बघितलं नव्हतं.

तिनं पोरीला उचललं, बुटक्या स्टुलावर माझ्यासमोर बसली आणि पोरीचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. "बघा आता," म्हणाली. मी बघितलं. दात गेलेला नव्हता. आपटीनं हिरडीत आत शिरला होता, फोटो काढल्यावर स्पष्ट दिसला, आणि आतून येणाऱ्या कायमच्या दातापासून लांब होता. असा दात ओढून काढायचा नसतो, वाट बघायची असते. काही महिन्यांत बहुतेक आपला आपण खाली येतो. मी आईला ते दोनदा सांगितलं, मऊ खाऊ घाला, दर महिन्याला दाखवा, तुम्हाला यायला जमलं नाही तर मी गावाकडं आलो की घरी येऊन बघेन. ती म्हणाली, "या की." बस्स, एवढंच म्हणाली. माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल मी चौकशीवाल्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, तपासणारा डॉक्टर मी होतो म्हणून. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला. म्हणाला, "साहेब, प्रकरण तर कवाच मिटलंय. आता हे कशाला?" मी म्हणालो, घ्या तेवढं. त्यानं शिक्का मारून पोच दिली. त्या शाळेतही जाऊन आलो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, अरेरे, आम्हाला आधी सांगायचं होतं हो, यंदा बोलावलं असतं त्यांना.

अक्का, तपासलं मी होतं. चूक माझी होती. आता ही गोष्ट कारकुनाला कळली, शाळेला कळली, पोरीच्या आईला तर माहीतच होती. फक्त तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायला मिळाली नाही, आणि सांगायला मला पुरी दोन वर्षं होती.